वडाचे दोरे काढायचं काम

दिवाळी अंकवाल्या बाई म्हणल्या, फुलाचं सांगा. मावशी, तुमी इतकी वर्सं बागेत काढली, दिवाळीला लोकांना काईतरी गारगार वाचू द्या. मी म्हणलं, बाई, फुलं मी वाढवली, पर वास घ्यायला मला टाइम कुठं व्हता? मला जे मालूम हाय तेच सांगीन. चालंल का? त्या म्हणल्या, चालंल. आता चालतंय का न्हाई ते तुमी बघा. मी चौथीत शाळा सोडली आन् मेंढरामागं गेले. बोलायलेय मी, लिवायलीय मपली नात रेणुका. ती मधीमधी म्हणती, आजी, असं नको, असं लिहू. मी म्हणते, तू हात चालव, डोकं मपलं राहू दे.

बाग तालुक्याच्या गावची, सरकारी. गाव बीड जिल्ह्यातलंच, पर नाव सांगत न्हाई. तिथली माणसं अजून जित्ती हायेत आन् मला कुणाच्या दारात भांडायला जायाचं न्हाई. मपलं सासर नेकनूरकडलं. नवरा विहिरीच्या कामाला जायाचा. दरड ढासळली, तिघं खाली व्हते, दोघं निघाले. लेक तवा पाळण्यात व्हती. मेंढरं दिरानं हाकून नेली आन् मी लेकीला कडेवर घेऊन या गावात आले. बागेचं काम नवीनच निघालतं, ठेकेदाराला खड्डे खांदायला बाया पायजे व्हत्या. खड्डे खांदले, झाडं लावली, आन् झाडासंगं मीबी तिथंच रुजले.

बागेचं काम म्हणजे वाकणं. लोकांना वाटतं माळ्याचं काम सावलीतलं. सावली झाडाची असती, माळी उन्हात असतो, कावून की गवत सावलीत कमी उगवतं आन् उन्हात जास्ती. सकाळी पालापाचोळा झाडायचा. मंग आळी करायची. आळं म्हणजे झाडाच्या बुडाला मातीची वाटी, पाणी देलं की तिथंच मुरलं पायजे, वाहून जाऊ नये. उन्हाळ्यात टँकर आला तर आला. न्हाई आला तर कोणत्या झाडाला द्यायचं आन् कोणाला उपाशी ठेवायचं ते मनात ठरवायचं. मोठं झाड दम धरतं, लेकरू झाड धरत न्हाई. बुडाला चुना-गेरू लावायचा, वाळवी चढू नये म्हणून. मेंदीचं कुंपण कातरायचं. आन् हिरवळीतलं गवत उपटायचं. हे तर मला लई दिवस कळलंच न्हाई. गवतातून गवत काढायचं! मेंढरामागची बाई मी, हिरवं दिसलं की जीव हरखायचा. मी हात आखडला की मुकादम वरडायचा, "गयाबाई, हे गवत इकत आणलंय, ते फुकट उगवलंय. फुकटचं काढ." तवा मला कळलं, बागेत कुणी राहायचं आन् कुणी न्हाई ते कशावर ठरतं.

येणारे लोक सगळे शांतीसाठी येत्यात. घरी नसती का काय मालूम. एक हसायचा क्लब व्हता. सकाळी सकाळी चांगली शिकलेली, पेन्शनीतली माणसं गोल करून उभी राहायची आन् एकानं "एक, दोन" म्हणलं की सगळी मिळून हा हा हा करायची. हसायला काई झालेलं नसायचं. मी तिथंच गुडघ्यावर बसून खुरपायचे. त्यातला एक जण मला म्हणला, "मावशी, तुमीबी हसा, तब्येत चांगली राहती." मी म्हणलं, "हसते की सायेब, एवढा वाफा होऊ द्या." त्यावर ते सगळे खरोखर हसले. त्या दिवशी त्यांचा व्यायाम चांगला झाला असंल.

बागेच्या एका अंगाला नक्षत्रबन केलतं. ज्याचं जे नक्षत्र, त्याचं एक झाड असतं म्हणत्यात. आवळा कुणाचा, खैर कुणाचा, बेल कुणाचा. माणसानं आपल्या झाडाखाली बसलं की दुखणं जातं. पाट्या छान रंगवलेल्या. आता आर्द्रा नक्षत्राचं झाड कृष्णागरू. ते लांबचं, पावसाच्या मुलखातलं. आमच्या उन्हात ते एक उन्हाळा टिकंना. दोनदा आणलं, दोनदा वाळलं. तिसऱ्या बारीला मुकादमानं तिथं कडूलिंब लावला आन् पाटी तीच ठेवली. एक रिटायर कंडक्टर दर आइतवारी यायचा. चप्पल काढायचा, लिंबाला कपाळ लावून उभा राहायचा. एक दिवस मला इचारलं, "मावशी, हे कृष्णागरूच हाय ना? पानं लिंबासारखी दिसायलीत." मी म्हणलं, "पाटी हाय की सायेब." तो म्हणला, "हां, पाटी हाय." परत कपाळ लावलं. त्याची पाठदुखी कमी झाली म्हणून त्यानं आमाला पेढं वाटलं. लिंब औषधीच असतो, झालं असंल.

या नक्षत्रबनात वड व्हता, मघा नक्षत्राचा. आता मी ज्याच्यासाठी बोलायला बसलेय ते सांगते.

गावचा जुना वड मोठ्या रस्त्याच्या कडेला व्हता. रस्ता रुंद झाला, वड गेला. मंग जेठातल्या पुनवंला बाया जाणार कुठं? आल्या बागेत. आमचा वड लेकरू. बुंधा मपल्या मांडीएवढा. आन् आख्ख्या गावच्या सवाष्णी, नव्या साड्या, नथी, ताटात आंबे. एकेकीचे सात फेरे, पोरीबाळींचं हसणं, फोटू. संध्याकाळी बघावं तर झाडाचं खोड दिसंना, दोऱ्याची गुंडी उभी केल्यावानी.

आदी कच्चं सूत असायचं. चार पाऊस पडले की कुजून गळायचं, झाडाला काई व्हायचं न्हाई. आता दुकानात जो दोरा येतो तो कुजत न्हाई. तोडला तर हात कापतो. पहिल्या साली आमी तसाच राहू देला. झाड वाढायलं, दोरा वाढंना. साल दबली. बोट सुजल्यावर अंगठी रुतती तसा दोरा रुतला. वरून फुगलं, खालून बारीक. आत पाणी साचून मुंग्या झाल्या. मुकादमाला दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं आन् म्हणला, "काढावं लागतंय. न्हाईतर पुढल्या साली बाया कशाला दोरा बांधतील, दांडक्याला?"

पर काढणार कोण? बागेत आमी काम करणारी पाचसहा माणसं. गड्यांना म्हणलं तर एक जण म्हणला, "त्यात मपल्या बायकोचा दोरा हाय. म्या मपल्याच हातानं मपलं आयुष्य कापू का बे?" दुसरा म्हणला, "याच्या बायकोचा काप आदी, बघू काय होतंय." हसले सगळे. पर कोयत्याला हात कुणी लावंना. सगुणा मपली जोडीदारीण, एका ताटात भाकर खायचो आमी पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं. ती म्हणली, "मला न्हाई जमायचं बया. कुकू हाय मपलं."

मंग सगळ्यांनी मपल्याकडं बघितलं. मुकादमच म्हणला. वाईट मनानं न्हाई म्हणला, सोपं काम सांगावं तसं म्हणला, "गयाबाई, तूच काढ. तुपलं जायाचं ते गेलंय."

खरं व्हतं. मीबी गावाकडं वडाला सात फेरे मारलेले. मपला दोरा कुणी कापला नव्हता. तरी तो गेलाच. ते मी बोलले न्हाई. इळा घेतला आन् काढले.

तवापासून दरसाली ते मपलं काम झालं. त्याची एक रीत मीच पाडली. पुनव झाली की हप्ता-दीड हप्ता जाऊ द्यायचा, बायांचं मन निवू द्यायचं. बागेचं फाटक उघडायच्या आदी यायचं. इळ्याचं टोक साल आन् दोऱ्याच्या मधी घालायचं, धार भायेरच्या अंगाला करायची. झाडाकडं धार गेली तर दूध निघतं. वरून खाली एक चिरा घ्यायचा, मंग सगळा दोरा सालटासारखा एकदाच सुटून येतो. काढला की खोडावर हात फिरवायचा, कुठं रुतलंय का बघायचं, रुतलं असंल तिथं शेणमाती लिंपायची. दोरे कचऱ्यात टाकत नव्हते मी. बायांनी मनापासून बांधलेले असत्यात. वडाच्या मागं खड्डा करून पुरायचे. झाड पुढं चांगलं भरलं, माणसाच्या कवेत मावंना असं झालं. पारंब्या सुटल्या. कुणी इचारलं न्हाई की मागल्या सालचे दोरे कुठं गेले. बायांना वाटलं असंल, देव काढतो.

शोभाताई रोज फिरायला यायच्या. गावात त्यांच्या मालकाचं नाव मोठं. लोक त्यांना अण्णा म्हणायचे. जमीन भरपूर, इलेक्शन आलं की चौकात त्यांचाच फोटू. पर शोभाताईला मिजास न्हाई. थर्मासात चहा आणायच्या आन् एक कप मला द्यायच्या. "मावशी, या कुंदाचं एक रोप द्या की घरी लावायला." "ताई, न्यावा की, पर मुकादमाला दिसू देऊ नका." अशा आमच्या गप्पा. मपल्या लेकीच्या लग्नात त्यांनी साडी देलती. हे मी इसरत न्हाई.

मंग अण्णांचं दुखणं निघालं. मूत्रपिंडाचं. मोठ्या शहराच्या दवाखान्यात नेलं, आणलं, परत नेलं. शोभाताई वाळून गेल्या. त्या सालच्या पुनवंला त्या सगळ्यांच्या आदी आल्या, अनवाणी. सोबत नणंद व्हती. दोऱ्याची आख्खी गुंडी फिरवली. सात फेऱ्यांवर थांबल्याच न्हाईत. मी लांब गुलाबाला खत देत व्हते. पुजा करणाऱ्या बायांच्या समोर मी जात नसते. पर मला दिसत व्हतं, त्यांचा पाय अडखळायला लागला तरी त्या फिरायल्या.

पुनव होऊन हप्ता गेला, जास्तीच गेला. मुकादम म्हणला, "गयाबाई, पाऊस लागायलाय, दोरे भिजून आवळतील. काढून टाक." मी म्हणलं, "या साली थोडं थांबू. शोभाताईचं माणूस आजारी हाय." तो म्हणला, "माणूस कुणाचं आजारी नसतं? सगळ्या गावाचं बघत बसलो तर झाड मरंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आदी मी गेले. चिरा घेतला, दोरा सुटला, निम्मा मपल्या हातावर गोळा केला. मागून आवाज आला.

"मावशी! काय करायलात?"

शोभाताई. दवाखान्यात जायाच्या आदी झाडाला हात लावून जायाचा म्हणून आलत्या. त्यांच्यासाठी वाचमन कधीबी फाटक उघडायचा.

मी म्हणलं, "दोरे काढायलेय ताई. झाडाला आवळत्यात, झाड मरतंय त्यानं. दरसाली काढावे लागत्यात."

"मपला दोरा कुठंय?"

सगळ्या गावचा दोरा एकसारखा. मी हातावरच्या ढिगाकडं बघितलं. त्यांनीबी बघितलं.

"मपला कोणताय, मावशी?"

"ताई, सगळे एकच झाल्यात."

त्यांनी तो ढीग मपल्या हातातून वढून घेतला. झाडाला लागल्या गुंडाळायला. तुटलेला दोरा कसा गुंडाळतो? टोकं हातातून निसटायची, परत धरायच्या. मला बघवंना. मी इळा खाली ठेवला आन् एक टोक धरलं, म्हणलं, ताई, मी धरते, तुमी फिरवा.

त्या म्हणल्या, "तुमी हात लावू नका."

इतकंच. रागानंबी न्हाई म्हणल्या. मी हात काढून घेतला.

त्याच हप्त्यात अण्णा वारले.

मैतीला आख्खं गाव. दहावं व्हायच्या आदीच बाया बागेत आल्या, पुढं अण्णांची बहीण. मी हिरवळीत बसलेली. फाटकापासूनच आवाज, "कुठंय ती रांड? सोताचा नवरा खाल्ला, आता गावाचे खायाला बसलीय!" एकजणीनं मपल्या टोपल्याला लाथ घातली. एकीनं म्हणलं, "मपल्या मालकाला बीपी कावून झालं ते आता कळलं." दुसरी म्हणली, "मागल्या साली मपला गाडीवरून पडला व्हता बया." गावातल्या समद्या नवऱ्यांची समदी दुखणी त्या दिवशी मपल्या नावावर चढली. तेवढ्या वर्सात दारू पिऊन, गाडी ठोकून, म्हातारपणानं जेवढे मेले तेवढे मीच मारले.

ठेकेदार आला. चांगला माणूस, भांडणाला भेणारा. त्यानं मुकादमाला इचारलं, "हिला दोरे काढायला कुणी सांगितलं? तू सांगितलंस का बे?"

मुकादमाच्या हातात पाण्याचा पाइप व्हता. तो पाइपाकडं बघत म्हणला, "मी कशाला सांगू सायेब? तिनं तिच्या मनानं केलं."

मी सगुणाकडं बघितलं. ती झाडत व्हती. झाडलेलीच जागा झाडत व्हती.

मी बायांना म्हणलं, "हे काम हाय, बायांनो. मला सांगितलेलं काम हाय. हौस न्हाई मला." कुणी आइकलं न्हाई. शोभाताई त्यात नव्हत्या. त्या घरात सुतकात व्हत्या. मला वाटलं, त्या भायेर निघाल्या की बोलतील. म्हणतील, मावशीनं मला सांगितलं व्हतं, झाड मरतंय म्हणून काढतेय. म्हणतील, दरसाली काढतात. लई दिवस मी वाट बघितली. त्या बोलल्या न्हाईत.

ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणला, "मावशी, तुमी आता बागेत येऊ नका. मला गावात ठेका करायचाय."

काम गेलं त्याचं मला तेवढं वाटलं न्हाई. हातपाय धड व्हते, लोकांच्या कापसात गेले, कांद्यात गेले. पर नाव मपल्या आदी तिथं जायचं. वडवणीच्या एका रानात कांदा काढायला गेलते, तर मपल्या शेजारच्या वळीत कुणी बसंना. नवीन लग्नाची पोर असली की तिची सासू तिला लांब बसवायची. लेकीच्या सासूनं तर जावयाला मपल्या घरी जेवायला पाठवणं बंद केलं. लेक एकटीच यायची. मी पुरणपोळी करायचे आन् ती डब्यात घेऊन जायची. एक दिवस तीच म्हणली, "आई, डबा देऊ नको आता. मी रस्त्यात गाईला घालते. घरी नेला तर बोलत्यात." मंग मी पुरण करणं सोडलं.

थोडे दिवस परळीला बहिणीकडं जाऊन राह्यले. तिच्या दारात जास्वंद हाय. तिथं थर्मलच्या चिमणीची राख पानावर बसती, हिरवं झाड करडं दिसतं. मी रोज सकाळी फडकं भिजवून एकेक पान पुसायचे. बहीण म्हणायची, "कावून पुसतीस? संध्याकाळपस्तोर परत तेच." मी म्हणायचे, "हाताला लई वर्सांची सवय हाय." पर बहिणीच्या घरी किती दिवस राहायचं? परत आले.

दोनतीन सालं गेली. एक दिवस दुपारी मुकादम मपल्या दारात. पिकलेला, वाळलेला. उंबऱ्यावर बसला, पाणी मागितलं. मी तांब्या भरून देला, म्हणलं, "पी. पर घरी गेल्यावर तुपल्या बायकोला सांग कुणाच्या हातचं पिलास ते."

तो म्हणला, "गयाबाई, झाड वाळायलंय गं."

"कोणतं?"

"कोणतं म्हणून काय इचारतीस? वड. तू गेल्यापासून दोऱ्याला कुणी हात लावला न्हाई. थरावर थर बसलेत. वरच्या फांद्या वाळल्या. पानं पिवळी. तू एक दिवस ये. ठेकेदार म्हणतो, एका दिवसाची हजरी लावू. पहाटं ये, तोंडाला पदर बांध, कुणी वळखायचं न्हाई. वाचमनला मी सांगतो."

मी म्हणलं, "येते की. पर पहाटं न्हाई. बाया फिरायला येत्यात तवा येते. तू मपल्या शेजारी उभा रहा आन् सगळ्यांना म्हण, हिला मी सांगितलंय, आदीबी दरसाली मीच सांगत व्हतो."

"ते कसं जमंल?"

"कावून जमत न्हाई?"

"मला लेकरंबाळं हायेत, गयाबाई."

"मला काय मांजरं व्हती?"

मी म्हणलं, "मंग तूच काढ की. इळा घेऊन जा मपला."

"मपल्या बायकोचा दोरा..."

"हां. मंग तिला सांग, बांधू नको म्हणून. एवढी झाडाची काळजी हाय तर."

त्यानं राह्यलेलं पाणी पिलं, तांब्या उपडा ठेवला आन् गेला. त्या रातीच्या भाकरीला चव नव्हती. झाड मीच लावलेलं, मपल्याच खड्ड्यात. नात म्हणती, आजी, झाडाचा काय गुन्हा व्हता? काई नव्हता. मपलाबी नव्हता.

पुढच्या वैशाखात वादळ झालं, वड मोडला. जिथं दोरा रुतलता तिथंच मोडला, म्हणं, कोयत्यानं तोडल्यावानी सरळ. सगुणा बाजारात भेटली तिनं सांगितलं. अजून काई सांगायचं व्हतं तिला, पिशवीचा बंद पिळत उभी व्हती. मी म्हणलं, "वांगी काय भाव घेतली?" तिनं सांगितलं. तेवढंच बोलणं झालं.

यंदा उन्हाळ्यात रेणुका म्हणली, "आजी, चल बागेत. लोक किती लांबून येत्यात, तू गावात राहून घरात बसतीस. आता कुणी वळखत न्हाई तुला." मी नको म्हणत व्हते. तिनं तिकीट काढलं. आता आत जायाला तिकीट लागतं.

बाग चांगली ठेवलीय, खोटं कशाला बोलू. कारंजं हाय, झोके हायेत. आन् वडाच्या जागी वड हाय. सिमेंटाचा. खोड रंगवलेलं, पारंब्या हत्तीच्या सोंडेएवढ्या, वर पलास्टिकची पानं, आत लाइट लागतो. बाया त्याच्याच भवती दोरे बांधत्यात आता. रेणुका सांगत व्हती, दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराची पोरं येत्यात, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत आकडीनं दोरे वढून काढत्यात आन् घंटागाडीत टाकत्यात. कुणी काई बोलत न्हाई. सिमेंटाच्या झाडाचा दोरा कापला तर नवरा मरत नसंल. मरणारे मरत्यातच, आदी जेवढे मरायचे तेवढेच. पर त्या पोरांच्या नावावर कुणी चढवत न्हाई.

मपले गुडघे दुखायले व्हते. रेणुका म्हणली, बाकड्यावर टेक. मी टेकले. इतक्या वर्सात त्या बागेत बाकड्यावर मी पहिल्यांदाच बसले. बाकडं लोखंडाचं, तापलेलं. रेणुका भेळ आणायला गेली.

पलीकडल्या टोकाला एक बाई बसलेली. पांढरे केस, बिनकाठाची साडी. तिनं मान वळवली.

"मावशी?"

शोभाताई. मी म्हणलं, "व्हय."

त्या थोड्या सरकल्या. मधी जागा राह्यलीच. समोरून बाया चालायल्या, त्याच, फिरायला येणाऱ्या, पांढरे बूट घालून. मंग शोभाताई म्हणल्या, "मला आता पुजंला कुणी बोलवत न्हाई. मीच जात न्हाई म्हणा."

"व्हय."

"सूनबी पुनवंला सकाळी समोर येऊ नका म्हणती. तोंडावर म्हणत न्हाई, पर दार लावून घेती."

मला ते सगळं मालूम हाय, त्यांना आता मालूम झालं.

मंग त्या खाली बघून हळू म्हणल्या, "मावशी, डाक्टरांनी आदीच सांगितलं व्हतं. पुनवंच्या आदीच. किती दिवस राह्यलेत ते. मला ठाव व्हतं. तुमचं त्यात काई नव्हतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. इतकी सालं हे एक वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी जीव धरून व्हते. ते आलं. आन् मपल्या काई कामाचं न्हाई असं कळलं. बाकड्यावर आमी दोघी, आन् आइकणारं कुणी न्हाई.

चालणाऱ्या बाया परत फेरा मारून आमच्या समोर आल्या. त्यात अण्णांची बहीणबी व्हती. मी म्हणलं, "ताई, आता म्हणला ते जरा मोठ्यानं म्हणा. त्या आल्याच हायेत."

शोभाताईनं त्या बायांकडं बघितलं. पदर सारखा केला. तोंड उघडलं असं मला वाटलं. नणंदेनं हात केला, "वहिनी, येता का? एक राउंड मारू." आन् मपल्याकडं बघून तिची पावलं अडली. वळखलं असंल.

शोभाताई म्हणल्या, "आले, थांबा." उठल्या आन् गेल्या. मागं वळून बघितलं न्हाई.

रेणुका भेळ घेऊन आली, दोन कागदं. म्हणली, "आजी, कोण व्हत्या गं त्या?" मी म्हणलं, "व्हती एक बाई." ती म्हणली, "बस की अजून, छान वारं सुटलंय." मी बाकड्याला धरून उठले.

म्हणलं, "चल गं. झालं बसून."